मैलाचा दगड आणि आपली मजल

शिरवळला नीरेच्या काठावर सुभानमंगळ नावाचा भुईकोट किल्ला होता. आज त्याचे फार थोडे अवशेष उरले आहेत. 1648 च्या सुमारास आदिलशाही सरदार फत्तेखान शिवाजी महाराजांवर चालून आला. त्याने बेलसरला तळ दिला आणि बाळाजी हैबतराव याला शिरवळकडे धाडलं. पुरंदरावरून आलेल्या कावजी मल्हार आणि त्याच्या मावळ्यांनी शिरवळचं हे ठाणं परत घेतलं. स्वराज्याच्या अगदी सुरुवातीच्या लढायांपैकी ही एक.

या लढाईबद्दल कुणी बोलायला उभं राहिलं, की एक वाक्य हमखास येतं: ‘सुभानमंगळची लढाई हा स्वराज्याच्या वाटचालीतला मैलाचा दगड होता.’ वाक्यामागची भावना खरी आहे आणि ती माझ्याही मनात आहे. पण हे वाक्य ऐकलं की दर वेळी मी थोडा थबकतो. ज्यांनी ती लढाई मारली, त्यांना मैल ठाऊक नव्हता. पुरंदरापासून शिरवळपर्यंत किती अंतर, असं कावजीला विचारलं असतं तर त्याने कोसांत सांगितलं असतं, नाहीतर रात्रीच्या प्रहरांत. रस्त्याकडेला आकडा कोरलेला दगड पाहून अंतर समजून घ्यायची सवय त्याच्या मुलुखातल्या माणसाला नव्हती. मग ज्या वाटेवर असा दगडच नव्हता, त्या वाटेवरच्या पराक्रमाला आपण हे नाव कुठून आणून लावलं?

मैलाचा दगड हा इंग्रजी ‘माइलस्टोन’चा शब्दशः अनुवाद आहे. इंग्रजीतून मराठीत आलेले असे वाक्प्रचार पुष्कळ आहेत. हिमनगाचं टोक आलं, पांढरा हत्ती आला, लाल फीत आली. त्यातल्या बहुतेकांचं मूळ आपल्या डोळ्यांसमोर कधी नसतं. हिमनग कुणी पाहिलाय? मैलाचा दगड मात्र आपल्या गावच्या रस्त्यावर खरोखर येऊन उभा राहिला, आधी दगड म्हणून आणि मग वाक्प्रचार म्हणून. त्यामुळे त्याची गोष्ट शिरवळच्या रस्त्यावर उभं राहून सांगता येते.

सुरुवात मात्र रोमपासून करावी लागते. लॅटिनमध्ये ‘मिले’ म्हणजे हजार. रोमन सैनिकाची हजार पावलं म्हणजे एक मैल. इथे पाऊल म्हणजे आपण म्हणतो ते एक पाऊल नव्हे. डावा पाय उचलला, उजवा टाकला आणि पुन्हा डावा टेकला की एक पाऊल पुरं. अशा दुहेरी पावलाची लांबी सुमारे दीड मीटर, आणि रोमन मैल आजच्या मापाने 1.48 किलोमीटरच्या आसपास. कूच करणाऱ्या फौजेच्या पायांतून जन्मलेलं हे माप आहे.

हे माप दगडावर आणणाऱ्यांत गायस ग्राकस याचं नाव ठळक आहे. इ.स.पू. 123 मध्ये तो रोममध्ये लोकांचा प्रतिनिधी होता. प्लुटार्क सांगतो, की त्याने रस्ते सरळ आखले, मोजले आणि प्रत्येक मैलावर दगडी खांब रोवले. त्याच वर्णनातला आणखी एक तपशील मला फार आवडतो. मैलांच्या खांबांखेरीज त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमी-कमी अंतरावर छोटे दगड बसवले. ते कशासाठी? त्या काळी घोड्याला रिकीब नव्हती, आणि स्वाराला घोड्यावर चढताना कुणाच्या आधाराची गरज लागू नये म्हणून. म्हणजे एक दगड अंतर सांगायला आणि दुसरा पाय ठेवायला. पुढे इ.स.पू. 20 मध्ये सम्राट ऑगस्टसने रोमच्या मुख्य चौकात सोन्याचा मुलामा दिलेला एक स्तंभ उभा केला. साऱ्या साम्राज्यातले रस्ते तिथून निघतात असं मानलं जाई. सगळे रस्ते रोमला जातात ही म्हण त्या स्तंभाशी जोडली जाते.

ब्रिटनमध्येही रोमनांचे असे रस्ते होते. ते लोक तिथून गेले, रस्ते खचले, खांब कुणी भिंतीत चिणले तर कुणी शेताच्या बांधावर नेले. मैल हा शब्द राहिला, पण त्याची लांबी गावोगाव बदलत गेली. इंग्लंडमधला शेतकरी ‘फर्लांग’ने मोजत असे. फर्लांग म्हणजे नांगराच्या एका तासाची लांबी. बैल न थांबता जेवढा तास ओढतील तेवढी. आपल्याकडचे म्हातारे लोक अजूनही ‘फर्लांगभर चाललो’ म्हणतात. तो शब्द मूळचा शेतातला आहे, नांगराच्या तासाचा आहे, हे कळलं की परका वाटत नाही. रोमन मैल पाच हजार फुटांचा आणि शेतकऱ्याचा फर्लांग 660 फुटांचा, यांचा मेळ बसेना. 1593 मध्ये राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत कायद्यानेच ठरवलं, की आठ फर्लांग म्हणजे एक मैल. आठ गुणिले 660, म्हणजे 5,280 फूट. शाळेत आपण घोकलेला तो चमत्कारिक आकडा असा आला. फौजेचं माप नांगराच्या मापापुढे वाकलं.

दगड परत यायला मात्र अठरावं शतक उजाडावं लागलं. केंब्रिजमधल्या ट्रिनिटी हॉल या महाविद्यालयाने 1727 पासून लंडनच्या रस्त्यावर मैलाचे दगड बसवायला सुरुवात केली. रोमनांनंतर तिथले ते पहिले खरे मैलाचे दगड मानले जातात. अंतर कुठून मोजायचं? तर केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून. पुढे टोल घेणाऱ्या रस्त्यांवर असे दगड लावणं सक्तीचं झालं. घोडागाडीत बसलेला उतारू अंधारात डोकं बाहेर काढून आकडा बघे आणि किती उरलं याचा हिशेब करी. हळूहळू आयुष्याच्या प्रवासातल्या ठरावीक खुणेलाही माणसं तोच शब्द वापरू लागली. पन्नाशी पूर्ण झाली, पहिलं पुस्तक आलं, कारखान्याची शंभरावी गाडी बाहेर पडली, की माइलस्टोन. या अर्थाचा गाभा असा, की वाट आधीच आखलेली आहे, दगड आधीच रोवलेला आहे आणि तुम्ही त्याच्यापाशी पोचलात.

हे दगड आपल्याकडे आले ते इंग्रजांबरोबर. मुंबईत 1816 ते 1837 या काळात काळ्या दगडातले पंधराच्या आसपास मैलाचे दगड बसवले गेले. त्यांच्यावर रोमन अंकांत आकडा आणि सेंट थॉमस चर्चपासूनचं अंतर कोरलेलं होतं. केंब्रिजला जसं चर्च शून्य ठरलं, तसंच इथेही. 1718 च्या नाताळात खुल्या झालेल्या या चर्चवरूनच कोटाच्या एका दरवाजाला चर्चगेट नाव पडलं आणि ते रेल्वे स्थानकापर्यंत येऊन टिकलं. शहराचे रस्ते थरावर थर चढत उंच होत गेले आणि हे दगड बुडत गेले. काही पदपथात गळ्यापर्यंत रुतलेले, काही पुरते गडप. गेल्या काही वर्षांत महापालिकेच्या वारसा जतन विभागाने त्यांतले अनेक शोधून, खोदून वर काढले आणि पुन्हा नीट बसवले. काळबादेवीच्या गर्दीत किंवा दादरला रस्त्याकडेला असा दगड दिसला तर क्षणभर थांबावं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या फौजेच्या पावलाचं नाव, ट्यूडर काळातल्या नांगराच्या तासाचं माप आणि आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, तिन्ही त्या एका जागी आहेत.

पुण्यात मुख्य टपाल कचेरीजवळ शून्य दगड आहे. मुंबईत चर्च, पण पुण्यात टपाल, यामागे कारण आहे. रस्त्याचं अंतर सर्वांत काटेकोरपणे ज्याला लागे तो डाक नेणारा. पत्र किती वेळात पोचेल आणि त्याला खर्च किती, हे अंतरावरच ठरे. नागपूरचा ‘झीरो माइल’ सगळ्यांत प्रसिद्ध. वालुकाश्माचा खांब, शेजारी चार घोडे, आणि षटकोनी चौथऱ्यावर कवर्धा, हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल यांची अंतरं. तो 1907 च्या सर्वेक्षणातला उंचीचा खूणदगड आहे. देशाचा मध्यबिंदू म्हणून तो लोकांच्या मनात बसला.

आता पुन्हा शिरवळच्या रस्त्यावर येऊ. पूर्वी पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या माणसाला कात्रजचा घाट, खेड शिवापूर, कापूरहोळ, किकवी, सारोळा असं करत नीरेचा पूल लागे आणि पूल ओलांडला की सातारा जिल्हा, शिरवळ. पुण्यापासून 50 किलोमीटरच्या आसपास. पुढे खंडाळा, खंबाटकीचा घाट, सुरूर, भुईंज, पाचवड, मग सातारा. याच वाटेवर, जुन्या रस्त्याच्या कडेला, शिरवळला घडीव दगडांची एक प्राचीन पाणपोई आहे. गावाजवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना पांडवदरा म्हणतात. कोकणातल्या बंदरांकडून वरंध्याच्या बाजूने घाट चढून येणारा व्यापारी, पावसाळ्यात एका जागी राहणारा भिक्खू, यांची ही वस्ती. नीरेचा उतार आणि घाटमाथ्याची वाट इथे एकत्र येतात. तिकडे रोमन फौजा हजार-हजार पावलं मोजत होत्या, त्याच शतकांत इकडे बैलांचे तांडे ही वाट तुडवत होते. त्यांच्या मालातला काही भाग रोमच्याच बाजारात पोचत होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेवतेची रोमन कांस्यमूर्ती त्या व्यवहाराची साक्ष आहे.

या पाणपोईपाशी मला नेहमी वाटतं, की आपल्या रस्त्याकडेचा मूळ दगड हा आहे. तो आकडा सांगत नाही, पाणी देतो.

याचा अर्थ आपल्याकडे अंतराच्या खुणाच नव्हत्या असं मुळीच नाही. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी राहिलेल्या मेगॅस्थिनीसने लिहिलं होतं, की इथले अधिकारी रस्ते बांधतात आणि दर दहा स्टेडियांवर, म्हणजे दोनेक किलोमीटरवर, आडवाटा आणि अंतरं दाखवणारा खांब उभा करतात. अशोकाने सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या, विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या, असं नोंदवलं आहे. विहिरी किती अंतरावर, तर ‘अढकोसिक’. काही अभ्यासक याचा अर्थ आठ कोस लावतात, काही अर्धा कोस. पुढे बाबराने आग्रा ते काबूल रस्ता मोजून दर नऊ कोसांवर मनोरा बांधायला सांगितलं, आणि 1619 मध्ये जहांगीराने आग्रा ते लाहोर दर कोसाला मनोरा आणि दर तीन कोसांना विहीर असा हुकूम दिला. हे कोसमिनार हरियाणात शेतांच्या मधोमध आजही उभे आहेत. पण ‘आमचं लग्न हा आयुष्यातला कोसमिनार ठरला’ असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. खुणा होत्या; भाषेने त्यांतून वाक्प्रचार केला नाही. भाषेने उचललं ते दुसरंच काहीतरी.

कोस हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ पासून आला, आणि क्रोश म्हणजे हाक, आरोळी. ‘आक्रोश’ त्याच कुळातला. माणसाची आरोळी जिथवर ऐकू जाईल तिथवरचं अंतर, ही त्याची मूळ कल्पना. जुन्या ग्रंथांत ‘गोरुत’ असंही माप आहे: गाईचं हंबरणं ऐकू येईल तेवढं अंतर. पुढे कोस लांबला आणि सर्वसाधारणपणे दोन मैलांचा, म्हणजे तीन-सव्वातीन किलोमीटरचा झाला. पण मुळात ते कानाचं माप. रोमन मैल पायाचा, आपला कोस कंठाचा. बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतो, त्यात केवढं औचित्य आहे! भाषेचं अंतर हाकेच्याच मापाने मोजायला हवं.

आणि मजल. मराठीतल्या प्रवासाच्या शब्दांत हा मला सगळ्यांत श्रीमंत वाटतो. अरबी ‘मंझिल’पासून तो फारसीमार्गे आला. मूळ धातूचा अर्थ ‘खाली उतरणे’. घोड्यावरून, उंटावरून उतरून रात्र काढायची ती मंझिल. मराठीत मजल म्हणजे एका दिवसाची चाल. त्याच शब्दातून मराठीला ‘मजला’ही मिळाला. रस्त्यावरची मजल आडवी, इमारतीचा मजला उभा. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या पत्त्यात वाटसरूचा मुक्काम दडला आहे, हे कळल्यापासून मी जिने वेगळ्या नजरेने चढतो.

मजल मोजायला दगड लागत नाही. ती चालणाऱ्याच्या ताकदीवर, ऋतूवर, वाटेवर ठरते. सपाटीवरची मजल लांब, घाटातली आखूड. मैलाच्या दगडाला हा फरक कळत नाही. कापूरहोळजवळच्या माळावरचा मैल आणि खंबाटकी चढतानाचा मैल त्याच्या लेखी एकच. चढावर उसाची गाडी ओढणाऱ्या बैलाला विचारा, किंवा पहिल्या गिअरमध्ये घाट चढवणाऱ्या ट्रकचालकाला. त्यांच्या हिशेबात ते दोन मैल कधीच सारखे नव्हते. म्हणून भाषेने मजलेला हाताशी धरलं: ‘मजल दरमजल करत’ माणूस पोचतो, ‘मोठी मजल मारतो’. मजल *मारायची* असते. त्या क्रियापदात घाम आहे. आणि मजल चुकीच्या दिशेनेही जाऊ शकते: ‘आईवर हात उगारण्यापर्यंत त्याची मजल गेली.’ वर चढणं आणि हद्द ओलांडणं दोन्ही एका शब्दात मावतं, कारण दोन्ही माणूस स्वतः करतो. मैलाच्या दगडाला हे जमत नाही. ‘शिवी देणं हा त्याच्या आयुष्यातला मैलाचा दगड ठरला’ असं लिहिलं तर वाचणारा गोंधळून जाईल.

टप्पा हा तिसरा. डाक नेणारा हरकारा जिथे थैली दुसऱ्याच्या हातात देई तो टप्पा, दोन थांब्यांमधली धावही टप्पा, आणि चेंडू जमिनीवर आपटतो तोही टप्पाच. हा शब्द शिरवळच्या एस.टी. स्थानकावर आजही रोज जिवंत आहे. एस.टी.चं भाडं टप्प्यांवर ठरतं. साधारण सहा किलोमीटरचा एक टप्पा. मधेच उतरणारा माणूस पैसे जास्त झाले म्हणून कुरकुरला, की कंडक्टर समजावतो, ‘काका, टप्पा बदलतो इथं. एक टप्पा वाढला.’ काकांना लगेच पटतं. टप्पा म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मैल गेले, किलोमीटर आले, राज्यं बदलली, आणि हरकाऱ्याचा टप्पा तिकिटाच्या यंत्रात जाऊन बसला.

शिरवळहून त्याच तालुक्यात पूर्वेला गेलं की लोणंद. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घातलं जातं, पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम होतो. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण वारकऱ्याला ‘किती राहिलं?’ विचारलं तर किलोमीटर सांगणारा विरळा. तो मुक्काम मोजतो. आज लोणंद, उद्या तरडगाव, मग फलटण. मधे विसावा कुठे, नाष्टा कुठल्या दिंडीला कुठे, हे त्याला तोंडपाठ. लोणंद सोडून तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब लागतो. तिथे पहिलं उभं रिंगण. एवढ्या मोठ्या प्रवासातली केवढी महत्त्वाची खूण, आणि ती एका निंबाच्या नावाने ओळखली जाते. मैलाच्या दगडापाशी कुणी थांबत नाही. लिंबापाशी लाखो लोक थांबतात, घोडा धावतो आणि सारा माळ टाळांनी दणाणतो.

मग दगड आपल्या भाषेत कशाकशासाठी आला, हेही पाहू. मराठी मुलूखच दगडांचा, त्यामुळे दगडाच्या म्हणींना तोटा नाही. न बदलणारी गोष्ट ती दगडावरची रेघ. अडचणीत सापडलेल्याचा हात दगडाखाली. दोन संकटांतलं सोसवेल ते निवडायचं तर दगडापेक्षा वीट मऊ. वर्गात न समजणाऱ्या मुलाला मास्तर ‘दगड’ म्हणत. गावाची शीव दगडाने ठरे, रणात पडलेल्याची आठवण वीरगळ ठेवी, आणि दान दिलेल्या जमिनीच्या हद्दीवर शापाचा गद्धेगाळ रोवला जाई. इंग्रजीत ‘माइलस्टोन’शी उच्चाराने जवळचा एक ‘मिलस्टोन’ आहे, जात्याची तळी. ती गळ्यात बांधली जाण्याची प्रतिमा बायबलातली, आणि अर्थ असह्य ओझं. त्याचा मराठीने अनुवाद केला नाही. करायची गरजच नव्हती. ‘गळ्यात धोंड’ आपल्याकडे होतीच. एका दगडासाठी आपला शब्द तयार होता, दुसऱ्यासाठी नव्हता. म्हणून दुसरा आला.

यशाच्या वाटेवर शांतपणे उभा असलेला, अंतर दाखवणारा दगड आपल्या म्हणींत नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. मैलाचा दगड आल्यामुळे मराठीला काही मिळालं. मागे वळून पाहताना ‘इथून इथवर आलो’ असं मोजण्याची सोय मिळाली. मजल पुढे बघते. दगड मागचं-पुढचं दोन्ही सांगतो. माझी तक्रार शब्दाबद्दल नाही, वापराबद्दल आहे.

वर्तमानपत्र उघडा. ‘या नाटकाने मराठी रंगभूमीला नवं वळण दिलं, तो मैलाचा दगड ठरला.’ दगड आणि वळण एका वाक्यात! मैलाचा दगड वळण देत नाही. तो वाट बदलत नाही, वाटेवर उभा राहतो. सतरावा दगड सोळाव्यासारखाच असतो आणि अठराव्यासारखाही. जे अपूर्व आहे, ज्याने दिशाच बदलली, त्याला मैलाचा दगड म्हणणं म्हणजे त्याला रांगेत उभं करणं. सुभानमंगळच्या लढाईबद्दल मला खटकतं ते नेमकं हे. त्या मावळ्यांच्या पुढे आखलेला रस्ता नव्हता. कुणी आधी दगड रोवून ठेवले नव्हते, की हा पहिला, हा दुसरा, आणि रायगडावर शेवटचा. ते ज्या वाटेने गेले ती वाट त्यांच्या जाण्याने झाली. तिथे मराठीतलं जुनं वाक्यच चपखल बसतं: त्यांनी मजल मारली.

उलट जिथे ठरलेले टप्पे खरोखर असतात, तिथे मैलाचा दगड नेमका लागतो. शतकमहोत्सवी अंक, हजारावी शस्त्रक्रिया, धरणाच्या कामाचा अर्धा भाग. अशा ठिकाणी तो शब्द वापरावा आणि बिनधास्त वापरावा.

याची आणखी एक जागा म्हणजे बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना. तिथे ‘बाळाचे माइलस्टोन’ हा शब्द आता शिरवळच्या आयांच्याही तोंडी आहे. डॉक्टरांच्या कार्डावर महिने छापलेले असतात आणि बाळ कुठल्या खुणेपर्यंत पोचलं ते बघितलं जातं. वाढीत काही अडथळा असेल तर तो वेळीच कळावा म्हणून ही यादी मोलाची आहे. पण तीच यादी आजीच्या तोंडून ऐका. ‘मान धरली का गं? पालथं पडतंय? बसवलं तर बसतंय? रांगायला लागलं? पाऊल टाकलं का?’ सगळी क्रियापदं. एकही दगड नाही. ‘मान धरली’ या दोन शब्दांत तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या मानेत आलेलं बळ जितकं दिसतं, तितकं कुठल्याच परिभाषेत मला दिसलेलं नाही. दवाखान्यातल्या ताईंनी आईला यादी समजावताना हेच शब्द वापरले, तर आईला प्रश्न लगेच कळतो आणि उत्तरही नेमकं मिळतं.

आता मैल रस्त्यावरून गेलाच आहे. 1956 मध्ये वजनं-मापांचा कायदा झाला आणि साठच्या दशकात रस्त्यांवरचे आकडे किलोमीटरमध्ये आले. दगड बदलले, डोक्याचे रंग ठरले: राष्ट्रीय महामार्गाला पिवळा, राज्य महामार्गाला हिरवा. पण ‘किलोमीटरचा दगड ठरला’ असं कुणी लिहीत नाही. वस्तू गेली, वाक्प्रचार राहिला. जसं तराजूत पासरी उरली नाही तरी ‘पैशाला पासरी’ स्वस्ताईच्या गप्पांत उरते.

खरं तर गेलं काहीच नाही. मैलातलं ‘मिले’ म्हणजे लॅटिन हजार, आणि किलोमीटरमधलं ‘किलो’ म्हणजे ग्रीक हजार. आधी हजार पावलं मोजत होतो, आता हजार मीटर. मिलिमीटरमधला ‘मिली’ही त्याच लॅटिन हजाराचा, हजारावा भाग. पट्टीवरची ती बारीक रेघ आणि महामार्गावरचा तो दगड एकाच घरातले.

शिरवळला कधी आलात तर एक गोष्ट पायी करून बघा. महामार्गावर नको, तिथे गाड्या जीव घेतील. एखाद्या आतल्या रस्त्याच्या कडेने चाला. किलोमीटरच्या मोठ्या दगडाच्या पुढे ठेंगणे दगड लागतात. पहिल्यावर 2, मग 4, 6, 8. प्रत्येक दगड आधीच्यापासून 200 मीटरवर, आणि 8 नंतर पुन्हा मोठा. इंग्रजी अमदानीत त्यांच्या जागी फर्लांगाचे दगड असत. फर्लांग म्हणजे 201 मीटर आणि वर काही सेंटिमीटर. दोन्हींत फरक रोमन सैनिकाच्या एका दुहेरी पावलाचाही नाही. रस्त्यापलीकडे शेतात नांगर चालू असला तर तासाच्या टोकाला पोचून बैल वळताना दिसतील, आणि तेवढ्यात तुम्ही 4 वरून 6 वर आलेले असाल.